चुन्याच्या एकसष्ट खुणा

स्वयंपाकघराची अर्धी भिंत पांढरी झाली होती, अर्धी अजून धुराने काळीकुट्ट होती. मामी स्टुलावर उभी राहून कुंचा फिरवत होती. डोक्याला जुना टॉवेल गुंडाळलेला, कोपरापर्यंत चुन्याचे ओघळ, आणि तोंडाने नामस्मरण चाललेलं. हात कामात आणि जीभ नामात असली की मनाला भटकायला जागा उरत नाही, हा तिचा तीस वर्षांचा अनुभव. स्टुलाखालच्या बादलीत उन्हाळ्याच्या तोंडावर उरलेला चुना होता. तेवढ्यात भिंत पुरी होईल आणि मामा परत येतील तेव्हा घर उजळलेलं दिसेल, असा तिचा हिशेब. दिसेल म्हणजे, त्यांना जेवढं दिसतं तेवढं.

मामा उद्या यायचे होते. चोवीस वर्षं ते वाटाड्याचं काम करत होते. गावाच्या डोक्यावर, खिंडीपलीकडे, ढगांनाही दम लागेल अशा उंचीवर एक कोरडं वाळवंट होतं. झाड नाही, पाणी नाही, नुसते दगड, माती आणि वारा. लांबलांबच्या शहरांतून माणसं तिथे चालायला येत आणि मामा त्यांना आठ दिवसांत पार करून पलीकडच्या सडकेवर उतरवत. आठव्या दिवशी दुपारी चार म्हणजे चार. सडकेवर उभा असलेला जीपचा ड्रायव्हर मामांची टोपी दिसली की आपलं घड्याळ लावून घ्यायचा. म्हणून सगळे त्यांना घड्याळमामा म्हणत आणि त्यांच्यामुळे ती साऱ्या गल्लीची मामी झाली.

"घड्याळ आहे खरं," वन्सं म्हणायच्या, "पण घरात बसलं की टिकटिकसुद्धा करत नाही." वन्सं म्हणजे मामांची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून इथेच राहायच्या. गुडघे गेले होते, जीभ शाबूत होती.

आज सातवा दिवस. सकाळचे नऊ वाजत आले होते.

"मामी, आहात का घरी?" दारातून खेचरवाल्याचा आवाज आला.

"आहे की. या भाऊ. लवकर उतरलात या खेपेला?"

खेचरवाला चार दिवस मोहिमेबरोबर जायचा. खिंडीच्या पायथ्यापर्यंत त्याची खेचरं सामान वाहायची. पुढे त्या कोरड्या माळावर चारा नाही, पाणी नाही, म्हणून पाचव्या दिवशी सकाळी तो रिकामी खेचरं घेऊन मागे फिरायचा आणि मंडळी आपापलं ओझं पाठीवर घेऊन पुढे जायची. आज तो दारात उभा राहिला, पण नेहमीसारखा आत येऊन फतकल मारून बसला नाही. टोपी हातात घेऊन तिची कड चाचपत राहिला.

"काल दुपारी मागे वळून बघितलं," तो म्हणाला. "वर सगळं पांढरं झालंय. चांगलं वीतभर पडलं असेल."

"बर्फ? या दिवसांत?"

"मीही तेच म्हटलं. चोवीस वर्षांत नाही बघितलं. काल सकाळी ते माळाला लागले असणार आणि दुपारी हे."

मामीने कुंचा बादलीत ठेवला. "त्यांचे पाय ओळखतात माळ," ती म्हणाली. "बसा. चहा टाकते. वन्सं, तो पांढरा कप द्या बघू, भाऊंचा नेहमीचा."

वन्सं भिंतीला धरत आल्या. "कुठे ठेवलास?"

"कोनाड्यातच आहे."

"कोनाड्यात काही नाही."

"अहो, नीट बघा."

"मला काय मोतीबिंदू झालाय? नाही म्हणतेय ना कोनाड्यात!"

मामी स्टुलावरून उतरली. तिला वाटलं, आपण कप दुसरीकडे ठेवला असेल. ती कोनाड्यासमोर जाऊन उभी राहिली आणि क्षणभर तिलाही तो दिसला नाही. कोनाडा तिने कालच रंगवला होता, आतून बाहेरून पांढराशुभ्र. कप तिथेच होता. चुन्याच्या पांढऱ्यात पांढरा कप, नाकासमोर, आणि दोन धडधाकट डोळ्यांच्या बायका तो शोधत होत्या.

ती तिथेच भिंतीला टेकली आणि अर्ध्या पाठीला ओला चुना लागला.

"अगं, काय झालं?" वन्संनी विचारलं.

"काही नाही. सापडला."

काय झालं होतं ते फक्त मामीला ठाऊक होतं. निदान त्या क्षणी तरी तिला तसं वाटत होतं.

गेल्या वर्षी मोसम संपल्यावर मामा एकदा चहाचा कप टेबलाच्या कडेवर ठेवताना हवेत सोडून बसले. मग दोनदा. मग जिन्याची शेवटची पायरी चुकले. शेवटी ती त्यांना हाताला धरून मोठ्या गावच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी दिवा पाडला, कागदावर डोळ्याचं चित्र काढलं आणि मधोमध पेनने काळा ठिपका गिरवला. इतकी वर्षं उंचावरचं ऊन झेलून दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग गेला होता. चष्म्याने भागणार नव्हतं, ऑपरेशनने भागणार नव्हतं. समोरचं दिसणार नाही, म्हणाले, कडेचं थोडं दिसत राहील. तेव्हापासून मामांना कुणाकडे बघायचं झालं की ते मान दुसरीकडे वळवायचे. मामीशी बोलताना ते खिडकीकडे तोंड करायचे आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून तिला बघायचे. अनोळखी माणसाला वाटावं, नवराबायकोचं भांडण झालंय.

डॉक्टरांकडून आल्यावर मामांनी पाय धुतले, देवापुढे बसले आणि तिला बोलावलं. "दिव्यावर हात धर," म्हणाले. "कुणाला सांगणार नाहीस. माझ्या बहिणीलाही नाही."

"अहो, पण तुम्ही माणसं घेऊन जाता."

"मला दुसरं काय येतं? खुर्चीत बसून भिंतीकडे बघू? तीही धड दिसत नाही. दोन मोसम दे मला. दोनच."

माणूस इतकी वर्षं कधी काही मागत नाही आणि एकदा मागतो तेव्हा नाही म्हणवत नाही. मामीने दिव्यावर हात धरला. तळव्याला चटका बसेपर्यंत धरून ठेवला. देवाला साक्षी ठेवून दिलेला शब्द तिने आजवर मोडला नव्हता, आणि असा शब्द दिला ही चूक आहे की पुण्य हे तिने त्या दिवशी देवालाच विचारायचं टाळलं.

माळावर वाट नसते. दगडांचे कमरेएवढे ढीग रचलेले असतात, एका ढिगापासून पुढचा दिसेल इतक्या अंतरावर. वाटाडे त्यांना खुणा म्हणतात. पार पलीकडच्या उतारापर्यंत अशा एकसष्ट खुणा. काळसर दगड, खाली करडी माती. ज्याचे डोळे चांगले त्याला लांबूनही कळायच्या. मामांना कळेनात. मग मामीने परसात चार दगड मांडले. एकाला गेरू लावला, एकाला निळा रंग, एकाला चुना, एक तसाच ठेवला. मामा चाळीस पावलांवर मान वाकडी करून उभे राहिले.

"चुन्याचा दिसतोय," ते म्हणाले आणि लहान मुलासारखे हसले. "अगं, चक्क दिसतोय!"

तिला वाटलं, देवानेच बुद्धी दिली.

मोसम सुरू व्हायच्या आधी दोघं एका खेचरावर चुन्याची पोती, चारा आणि पाण्याचे कॅन लादून निघाली. कुणी विचारलं तर, मामीला एकदा माळ बघायचाय. आयुष्यात पहिल्यांदा ती तिथे गेली. वाऱ्याने ओठ फुटले, रात्री श्वास पुरेना, पण इतकी वर्षं नवरा जिथे जातो ती जागा अशी असते हे बघून तिला भरून आलं. पाच दिवस तिने खुणा रंगवल्या. एक खूण झाली की जपमाळेतला एक मणी पुढे सरकवायचा आणि देवाचं नाव घ्यायचं. एकसष्टाव्या मण्यानंतर तिने लाल दोरा बांधला. आणि आणखी एक दोरा अडतिसाव्या मण्यापाशी. अडतिसाव्या खुणेजवळ मामांनी तिचा हात धरून तिला थांबवलं होतं.

"इथवर नाकासमोर यायचं, वारा उजव्या गालावर ठेवून. इथे डावीकडे. सरळ गेलं की घळ लागते. आधी उतार सोपा वाटतो, मग एकदम कडा."

तिने त्यांच्यासाठी एका दोरीला एकसष्ट गाठी मारून दिल्या, अडतिसावी दुहेरी. खिशात हात घालून ते मोजत चालायचे. या मोसमात अशा पाच फेऱ्या सुखरूप झाल्या, ही सहावी. दुसऱ्या वाटाड्यांनी थट्टा केली, "मामांनी माळाचं लग्नघर करून टाकलंय!" पण खुणा सगळ्यांना सोयीच्याच पडल्या, म्हणून कुणी खोलात शिरलं नाही.

आणि आता त्या एकसष्ट खुणा वीतभर बर्फात पांढऱ्या उभ्या होत्या. तशाच ठेवल्या असत्या तर काळे दगड पांढऱ्यावर कोळशासारखे उठून दिसले असते. मामांना नाही तर निदान बरोबरच्या पाच जणांना दिसले असते. मामीने स्वतःच्या हाताने, देवाचं नाव घेत, एकेक खूण पुसून टाकली होती.

खेचरवाला चहा न घेताच गेला. मामीने टॉवेल सोडला, हात तसेच घेऊन ती गल्लीतून मोहिमेच्या ऑफिसकडे निघाली. दहा मिनिटांची वाट तिने पाचात संपवली.

ऑफिस म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत ओळीने बुटांचे रॅक, दोऱ्यांची भेंडोळी, ऊन खाऊन विटलेले तंबू. आतल्या खोलीत भिंतभर नकाशा, मालक, आणि टेबलाशी फोनवाली. ही मालकांची भाची. मोहिमेबरोबर एक जाडा फोन असायचा, थेट आभाळातून बोलणारा. रोज संध्याकाळी त्यावरून निरोप यायचा आणि ही वहीत लिहून घ्यायची.

"परवा संध्याकाळी आला होता, खिंड पार केली म्हणून," फोनवाली म्हणाली. "काल नाही आला."

"थंडीत बॅटरी बसते," मालक म्हणाले. "दर मोसमात एकदा तरी बसते. मामी, तुम्ही कशाला घाबरता? उद्या चारपर्यंत वाट बघू. अहो, घड्याळमामांना डोळे बांधून सोडलं तरी ते सडकेवर येतील!"

फोनवाली हसली. मालक हसले. आणि मामीही हसली. जीव टांगणीला लागलेला असताना तोंड कसं काय हसतं, ते तिला पुढे कितीतरी दिवस कळलं नाही.

"चुना कसला लागलाय पाठीला?" फोनवालीने विचारलं.

"भिंत रंगवतेय," मामी म्हणाली. आणि परत निघाली.

बाहेर लख्ख ऊन होतं. डोंगरांवरचं आभाळ धुतल्यासारखं निळं. पावणेदहा वाजले होते. तिला वाटलं, बघ, देवानेच उघाड दिली. आता बर्फ वितळेल, खुणा दिसतील, ते येतील. आपण बोललो नाही तेच बरं झालं.

घरी येऊन ती देवापुढे बसली. दिवा लावला. माणसं देवाकडे कौल मागतात, तिनेही मागितला. ज्योत हलली तर सांगते, ती म्हणाली, नाही हलली तर गप्प राहते. ज्योत हलली नाही. मग तिने खिडकी थोडी उघडली. तरी हलली नाही. मग तिचंच तिला कळलं की आपण देवाशी लबाडी करतोय. सांगायचं नसतं तर खिडकी का उघडली असती? आणि सांगायचंच असेल तर ज्योतीला का विचारायचं?

तिने माळ हातात घेतली. एक, दोन, तीन. मणी सरकत गेले आणि प्रत्येक मण्याबरोबर एकेक खूण डोळ्यांपुढे येत गेली. दहावी, दोन टोकांच्या खडकाजवळची. एकविसावी, जिथे कुठल्याशा जनावराची हाडं पडली होती. तिसावी, जिथे त्यांनी तिला स्वतःचे हातमोजे दिले. अडतिसाव्या मण्यापाशी बोटांना दोरा लागला आणि ती थांबली.

ते वारा उजव्या गालावर ठेवून चालणार. दोरीच्या गाठी खिशात असल्या तरी खुणाच दिसत नाहीत तर मोजणार काय? दुहेरी गाठ कुठे आली ते कळणार कसं? ते नाकासमोर चालत राहणार. सरळ घळीत.

"आणि तिथे त्यांना कोण शोधणार?" ती मोठ्याने म्हणाली.

"कुणाला?" दारात वन्सं उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे.

वन्सं गुडघे धरत धरत खाली बसल्या. त्यांना खाली बसलेलं मामीने दोन वर्षांत बघितलं नव्हतं.

"त्याच्या डोळ्यांचं म्हणतेयस ना?" वन्सं म्हणाल्या.

मामीने जपमाळ मांडीवर ठेवली.

"अगं, मी त्याला अंगाखांद्यावर खेळवलंय. माझ्याशी बोलताना दाराकडे तोंड करतो, आणि मला कळणार नाही? मला वाटलं, तुला माहीत नसेल. तुला कशाला धक्का द्यायचा म्हणून गप्प बसले."

एका घरात तीन माणसं, आणि तिघंही एकमेकांना जपण्यासाठी मूग गिळून बसलेली. मामीला रडूही येईना.

"मी शपथ घेतलीय वन्सं. दिव्यावर हात धरून."

"मग?"

"मोडली तर?"

"तर देव तुला विचारेल. तेव्हा काय सांगायचं ते सांग त्याला. पण आधी ऑफिसात जाऊन ये. तिथे उत्तर द्यायला देव बसलेला नाही, तुलाच द्यायचंय."

मामीने ज्योतीला हात जोडले. क्षमा मागावी असं मनात आलं, पण मागितली नाही. एवढंच म्हणाली, "नंतर बोलू."

ती दुसऱ्यांदा ऑफिसात पोचली तेव्हा साडेबारा वाजले होते आणि डोंगरांवर पुन्हा ढग उतरले होते. मालक डबा उघडून बसले होते.

"मामांना दिसत नाही," ती दारातूनच म्हणाली.

"काय?"

"त्यांना दिसत नाही. समोरचं काहीच दिसत नाही. एक वर्ष होत आलं."

मालकांनी डब्याचं झाकण लावलं. अगदी सावकाश, चारी बाजूंनी दाबून. "या मोसमात त्यांनी पाच फेऱ्या केल्या," ते म्हणाले.

"हो."

"प्रत्येक फेरीत माणसं होती."

"हो."

"आणि तुम्हाला माहीत होतं."

"मीच तर खुणांना चुना लावला. त्यांना दिसावं म्हणून. आता बर्फात कुणालाच दिसणार नाहीत."

मालक उठले. तिला वाटलं, ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही देवाधर्माच्या बाई, मामी. सगळं गाव तुमचं नाव घेतं. आत्ता त्यांच्याबरोबर कोण आहे माहीत आहे? एक निवृत्त शिक्षिका आहे, एकटी आलेली. एक नुकतंच लग्न झालेलं जोडपं आहे. दोघं भाऊ आहेत. मी या पाच जणांच्या घरी काय सांगू?"

"मला जे म्हणायचं ते नंतर म्हणा," मामी म्हणाली. आपला आवाज एवढा स्थिर कसा, याचंच तिला नवल वाटलं. "ते कुठे असतील ते मला ठाऊक आहे."

तिने नकाशाकडे बघितलं, पण त्या रेषांतलं तिला काही कळेना. मग तिने माळ काढली आणि मणी सरकवत सांगायला लागली. खिंडीपासून पहिली खूण. दहाव्यापाशी दोन टोकांचा खडक. फोनवाली उठून नकाशाशी उभी राहिली आणि मामी बोलेल तसं बोट पुढे नेत गेली. "हाडं... थांबा, हा कोरडा ओढा ना? बरं, पुढे?" अडतीस झाले तेव्हा मामी म्हणाली, "इथे डावीकडे वळायचं. ते वळले नसणार. सरळ गेले असणार, वाऱ्याच्या अंदाजाने. पुढे घळ आहे."

फोनवालीचं बोट एका काळ्या चिरेवर थांबलं.

मालकांनी तिथे लाल टाचणी टोचली. मग फोन उचलून हेलिकॉप्टरवाल्या बचावपथकाशी बोलले. बराच वेळ. शेवटी नुसतंच हं, हं करत राहिले. फोन ठेवल्यावर ते मामीकडे बघेनात.

"आता ढग आहेत. आज उडता येणार नाही. उद्या सकाळी बघू म्हणतात." ते थांबले. "नऊपासून अकरापर्यंत आभाळ मोकळं होतं, म्हणाले. जागा आधी कळली असती तर गेलो असतो."

पावणेदहाला ती याच खोलीत होती. हसत होती.

ती बाहेर पायरीवर येऊन बसली. खेचरवाला दोन खेचरं घेऊन तिथेच उभा होता. मालकांनी त्याला पायवाटेने वर जायला सांगितलं होतं. बर्फात खिंडीपलीकडे पोचेल की नाही याची खात्री नव्हती, तरी तो निघाला होता.

"मामी," तो खेचराचा पट्टा आवळत म्हणाला, "मलाही संशय होता."

तिने मान वर केली.

"गेल्या महिन्यात मामा सकाळी तंबूतून बाहेर आले आणि म्हणाले, काय भाऊ, झोप झाली का? मी तर मागे चूल पेटवत होतो. हे माझ्या खेचराला विचारत होते." तो हसायला गेला आणि पुन्हा पट्टा आवळू लागला. "मी म्हटलं, झाली झाली. खेचराच्या वतीने उत्तर दिलं. कुणाला बोललो नाही. मला वाटलं, मामांचा अपमान नको."

"किती जणांना ठाऊक होतं भाऊ?"

"ठाऊक कुणालाच नव्हतं," तो म्हणाला. "संशय बऱ्याच जणांना होता."

तो गेला. मामी पायरीवर बसूनच राहिली. गल्लीतून जाणारी बायकामाणसं तिच्याकडे बघत, थोडी थांबत आणि पुढे जात. बातमी पोचली होती. कालपर्यंत जिच्याकडून लोक आपल्या आजारी मुलांसाठी जप करून घेत, तिच्याशी काय बोलावं हे आज कुणाला सुचत नव्हतं. एकीने पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि न बोलता गेली.

ती रात्र कशी गेली ते सांगण्यात अर्थ नाही. मामीने जप केला नाही. जपमाळ ती ऑफिसात, लाल टाचणीजवळच ठेवून आली होती.

सकाळी आठ वाजता डोंगर मोकळे झाले. ऑफिसात मालक, फोनवाली आणि मामी तिघं होती आणि कुणी खुर्चीत बसलं नव्हतं. रेडिओवरून पथकाचा आवाज खरखरत यायचा आणि जायचा. माळावर काही नाही. खुणा दिसत नाहीत, सगळं पांढरं आहे. घळीच्या तोंडाशी काही नाही. मग बराच वेळ नुसती खरखर.

मामी मनात म्हणाली, देवा, शब्द मी मोडला, त्याची शिक्षा त्या शिक्षिकेला नको देऊस. त्या नव्या नवरीला नको. मला दे. आणि लगेच तिच्या मनात आलं की हा सौदा झाला, प्रार्थना नाही. पण दुसरं काही येतच नव्हतं.

"ताडपत्री दिसतेय," रेडिओ म्हणाला. "घळीत, कड्याच्या अलीकडे. माणसं आहेत. हात हलवतायत. एक, दोन, तीन, चार, पाच."

बोटांवर मोजणारी मामी पाचावर थांबली.

"सहावा बसलाय. हात हलवत नाही. पण बसलाय."

दुपारी मोठ्या गावच्या दवाखान्यात सगळं कळत गेलं. शिक्षिकाबाई खाटेवर बसून गरम दूध पीत होत्या. त्यांनी मामीला जवळ बोलावलं. मामी पाय ओढत गेली. बाई रागावतील, थुंकतील, काहीही करतील, तिची सगळ्याला तयारी होती.

"बर्फ पडायला लागल्यावर आम्हाला कुणालाच काही दिसेना," बाई म्हणाल्या. "त्यांनी आम्हाला एका दोरीला बांधलं आणि पुढे चालत राहिले. बराच वेळ. मग एकदम थांबले. म्हणाले, वारा बदलला, खालून येतोय, पुढे जमीन नाही. आम्ही हसलो. आम्हाला वाटलं, समोर सपाट बर्फ आहे. त्यांनी एक दगड पुढे टाकला. त्याचा आवाजच आला नाही." त्यांनी दूध खाली ठेवलं. "दोन रात्री त्यांनी कुणाला जागचं हलू दिलं नाही. एका भावाचा चष्मा वाऱ्याने गेला, तर स्वतःचा काळा चष्मा त्याला दिला. काल रात्री नवरीचे पाय बधिर झाले तेव्हा स्वतःचे मोजे तिला घातले." मग हळूच, "त्यांना दिसत नाही हे तुम्हाला ठाऊक होतं का?"

"हो," मामी म्हणाली.

बाईंनी तिचा हात धरला नाही. त्या नुसत्या दुधाकडे बघत राहिल्या. मामीला ते पटलं. माफी मागायला ती तोंड उघडणार होती, पण मागितली असती तर बाईंना ती द्यावी लागली असती, आणि तेवढा हक्क आपला नाही असं तिला वाटलं.

मामा कोपऱ्यातल्या खोलीत होते. डाव्या पायाची तीन बोटं वाचणार नव्हती. मोजे त्यांनी काल रात्री काढून दिले होते. पहिल्या रात्री पाय शाबूत होते. डॉक्टरांनी हे सहज सांगितलं आणि मामीने ते सहज ऐकून घेतल्यासारखं केलं. बर्फाच्या चकाकीने डोळे आणखी भाजले होते. दोन्ही डोळ्यांवर पांढरी पट्टी होती. कडेचं तरी उरलंय का, ते पट्टी निघाल्यावर कळणार होतं.

ती उशाशी उभी राहिली. त्यांनी तिच्या चालण्यावरून ओळखलं.

"सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

"सांगितलं."

"कधी?"

खोटं बोलायला जागा होती. "काल दुपारी," ती म्हणाली. "सकाळी सांगायला हवं होतं. सकाळी गेले होते, पण नाही सांगितलं."

बाहेर कुणीतरी ढकलगाडी नेत होतं, तिचं एक चाक कुरकुरत होतं. ते कुरकुरणं पार लांब गेलं. मग त्यांनी मान तिच्यापासून पलीकडे वळवली, खिडकीकडे.

आता हे तोंड आपल्याकडे कधी वळायचं नाही, असं तिला वाटलं. मग तिच्या ध्यानात आलं की गेलं वर्षभर ते अशीच मान वळवून तिला बघायचे. पट्टीतून काय दिसणार होतं? पण राग असता तर मान वळवायची तरी काय गरज होती, दिसत नव्हतंच. की सवयीने वळवली? की रागानेच? तिने विचारलं नाही. ती आहे तिथेच स्टूल ओढून बसली, डोळ्याच्या कोपऱ्यात माणूस येतो त्या जागी, आणि संध्याकाळपर्यंत हलली नाही.

घरी आली तेव्हा वन्संनी दार उघडलं. स्वयंपाकघरात बादलीतल्या चुन्यावर साय धरली होती आणि कुंचा त्यातच कडक होऊन उभा राहिला होता.

"अर्धी भिंत तशीच राहिलीय," वन्सं म्हणाल्या.

"राहू दे."

कोनाड्यातला पांढरा कप काढून तिने खिडकीत ठेवला, लाकडाच्या चौकटीवर, लांबून दिसेल असा. मग कपाटातला पत्र्याचा डबा उघडला. आत मामांचा वाटाड्याचा परवाना होता, चोवीस वर्षांपूर्वीचा फोटो लावलेला. फोटोत ते थेट समोर बघत होते.

मालकांनी तो उद्या सकाळी नऊ वाजता ऑफिसात आणून द्यायला सांगितला होता. तिने तो रुमालात गुंडाळला आणि दाराजवळच्या पिशवीत ठेवला. सकाळी तो ऑफिसात द्यायचा होता, आणि तिथून जपमाळ परत आणायची होती.